लोणारचं मीठ आणि काचेतला समुद्र

मुलांनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरात समुद्र नाही. मुंबईची चौपाटी गाठायची तर साडेतीनशे किलोमीटरच्या घरातला प्रवास. त्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं लाटा पाहतात त्या टीव्हीवर, नाहीतर भूगोलाच्या पुस्तकात. पण खारं पाणी पाहायला तेवढं लांब जायची गरज नाही बरं का! पूर्वेला जालन्याच्या रस्त्याला लागा. जालना मागे पडलं की बुलढाणा जिल्हा लागतो. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी नमस्कार करा आणि तसेच पुढे चला. शहरापासून साधारण दीडशे किलोमीटरवर एक छोटं गाव येतं. त्याच्या शेजारी, काळ्या खडकात कोणीतरी भलामोठा वाडगा कोरून ठेवावा तसं एक विवर आहे आणि त्या वाडग्याच्या तळाशी खारं पाणी आहे. हेच आपलं लोणार.

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेची सहल तिथे गेली होती. पाचवी ते सातवीची मुलं, डबे, सतरंज्या, पाण्याचे कॅन आणि एक खास वस्तू, ती म्हणजे हळदीच्या पट्ट्या! आदल्या दिवशी वर्गात आम्ही हळद पाण्यात कालवली, टिपकागदावर लावली, वाळवली आणि कात्रीने पट्ट्या कापल्या. प्रत्येकाला दोन-दोन. "बाई, तिथे भाजी करायची आहे का?" असं एकाने विचारलंसुद्धा. मी म्हटलं, "थांब, तिथे गेल्यावर कळेल."

लोणार गावात पहिल्यांदा दैत्यसूदनाचं देऊळ लागतं. काळ्या दगडाचं, बाहेरच्या भिंतींवर मूर्तीच मूर्ती. तिथे एक जुनी कथा सांगतात. इथे म्हणे लवणासुर नावाचा राक्षस जमिनीखाली राहायचा आणि लोकांना छळायचा. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेऊन त्याला मारलं. लवण म्हणजे मीठ. लोणार हे नावही त्या लवणावरूनच आलं. कथा कोणी रचली ते ठाऊक नाही, पण रचणाऱ्याने या पाण्याची चव नक्की घेतली असणार!

शास्त्रज्ञांची गोष्ट वेगळी आहे, आणि तीही काही कमी अद्भुत नाही. आकाशातून एक अशनी, म्हणजे अवकाशातला दगड, प्रचंड वेगाने येऊन या बेसॉल्टच्या खडकावर आदळला आणि हा खड्डा पडला. पूर्वी काही जणांना वाटे की हे ज्वालामुखीचं तोंड असावं. पण इथे खोदून काढलेल्या खडकांत जबरदस्त आघातानेच तयार होणाऱ्या काचेसारख्या खुणा सापडल्या. हा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि अशनीची बाजू पक्की झाली. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. म्हणजे पन्नासएक मजल्यांची इमारत आत उभी केली, तर तिची गच्ची जेमतेम काठाला लागेल. वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने मोजलं तर ते सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं!

देवळानंतर आम्ही धारेवर गेलो. विवराच्या काठावरच गोमुखातून एक झरा पडतो. लोक त्याला धार म्हणतात. बारा महिने वाहणारं, स्वच्छ, गोडं पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, पण धार आटत नाही असं गावकरी अभिमानाने सांगतात. या धारेचं पाणी उताराने खाली जातं आणि तळ्याला मिळतं. सीतान्हाणी, रामगया असे आणखीही झरे विवराच्या उतारावर आहेत.

मुलांनी पहिली पट्टी धारेच्या पाण्यात बुडवली. पिवळीच्या पिवळीच राहिली. "काहीच झालं नाही!" सगळे हिरमुसले. मग आम्ही वाटाड्या काकांच्या मागून विवरात उतरायला लागलो. सागाची, बाभळीची, सीताफळाची झाडं, पायाखाली सुटे दगड, मधूनच मोराची केका. वरचा वारा थांबला. खाली जाऊ तसा एक उग्र वास यायला लागला, सडक्या अंड्यासारखा. मुलांनी नाकं दाबली. आणि झाडी संपली तसं समोर पाणी आलं. निळं नव्हे, हिरवं! एका विशिष्ट सूक्ष्मजीवामुळे तो रंग येतो. स्पायरुलिना त्याचं नाव.

वाटाड्या काकांना विचारून एकेकाने काठावरूनच दुसरी पट्टी पाण्याला टेकवली. आणि काय सांगू! पिवळी पट्टी बघता बघता तांबडीलाल झाली. कपड्यावर पडलेल्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे तुम्ही घरी पाहिलं असेल. तीच ही गंमत. साबण आम्लारीधर्मी असतो आणि लोणारचं पाणीही तसंच. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, लोणारच्या पाण्याचा मोजला तर तो १० च्या आसपास भरत आला आहे. म्हणूनच ते प्यायचं नाही, चाखायचंही नाही. वापरलेल्या पट्ट्या आम्ही पिशवीत भरून परत आणल्या, तिथे एकही टाकली नाही.

समुद्राच्या पाण्यात मुख्यतः आपलं खायचं मीठ असतं. लोणारच्या पाण्यात ते तर आहेच, शिवाय धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा या जातीचे क्षारही आहेत. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथातही इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, अशी नोंद आहे. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे ठिकाण पाहिलं, तेव्हापासून बाहेरच्या जगाचंही इकडे लक्ष गेलं. पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठाच्या चिखलावर क्षारांचे पापुद्रे साचत आणि लोक ते गोळा करून विकत. पापडी, दल्ला, खुप्पल, भुस्की अशी त्यांची नावंही होती.

"पण बाई," सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "धारेचं पाणी गोडं आहे, पावसाचं पाणी गोडं आहे. तळ्यात सगळं गोडंच पाणी येतं. मग हे खारं झालं कसं?"

किती छान प्रश्न! मी उलट विचारलं, "तुमच्या घरी कूलर आहे ना? उन्हाळा संपताना त्याच्या गवताच्या जाळीवर काय दिसतं?"

"पांढरं पांढरं!" चार-पाच जण एकदम ओरडले.

"ते कुठून आलं? तुम्ही तर कूलरमध्ये साधं पाणीच ओतलं होतं!"

मग हळूहळू त्यांच्याच लक्षात आलं. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात चिमूटभर का होईना, क्षार विरघळलेले असतात. कूलर चालतो तेव्हा पाण्याची वाफ होते आणि ती हवेत जाते. क्षारांची वाफ होत नाही. ते मागेच राहतात. रोज बादलीभर पाणी ओतायचं, रोज ते उडून जायचं आणि रोजचे थोडे थोडे क्षार जाळीवर बसायचे. जून येईपर्यंत जाळीवर पांढरी खपली धरते.

लोणार हा असाच एक कूलर आहे, फक्त हजारो वर्षं चाललेला. पाऊस, झरे आणि उतारावरचे ओहोळ खडकातले क्षार विरघळवून थोडे थोडे तळ्यात आणतात. तळ्यातून बाहेर जाणारी नदी नाही, ओढा नाही. पाण्याला वरच्या वाटेने, वाफ होऊनच जावं लागतं आणि जाताना ते क्षार खालीच ठेवून जातं. आता पैठणचा नाथसागर आठवा. त्याच्यावरही ऊन तेवढंच तापतं, पण तो खारट होत नाही. कारण गोदावरीला धरणातून पुढे जायला वाट आहे, कालव्यांतून शेतात जायला वाट आहे. पाण्याबरोबर क्षारही पुढे जातात.

हे बोलणं चालू असताना सातवीतला एक मुलगा अगदी गप्प होता. मग एकदम म्हणाला, "बाई, आमच्या काकांची टाकी म्हणजे लोणारच झालंय की!"

त्याचे काका मत्स्यप्रेमी. दिवाळीच्या सुमारास त्यांनी मोठ्या हौसेने घरी समुद्राच्या पाण्याची टाकी मांडली होती. १०० लिटर पाणी, पांढरी वाळू आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे. संभाजीनगरात समुद्राचं पाणी कुठून मिळणार? म्हणून दुकानातून खास मिश्रण आणायचं आणि ते शुद्ध पाण्यात विरघळवायचं. हे मिश्रण म्हणजे नुसतं खायचं मीठ नव्हे. समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशा कितीतरी गोष्टी असतात, त्या सगळ्या प्रमाणात मिसळलेलं ते मीठ असतं. महासागराच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशोबाने काकांनी १०० लिटरला साडेतीन किलो घातलं होतं. अगदी बरोबर.

सुरुवातीला मासे मजेत होते. मग टाकीतलं पाणी कमी व्हायला लागलं. आपली हवा कोरडी, वर टाकीचे दिवे आणि पाणी ढवळणारा पंप. थंडीतही रोज लिटरभर पाणी उडायचं. दहा दिवसांत दहा लिटर. काकांनी विचार केला की समुद्राचं पाणी कमी झालं, तर समुद्राचंच पाणी घालायला हवं. म्हणून दर वेळी दहा लिटर पाण्यात मोजून ३५० ग्रॅम मीठ विरघळवून ते टाकीत ओतायचे. मोजमाप चोख! तरीही जानेवारी उजाडेपर्यंत मासे सुस्तावले. खायचे नाहीत, कोपऱ्यात राहून भराभर कल्ले हलवायचे. सहलीच्या दोन दिवस आधी त्यातला एक दगावला होता.

आता तिथेच, तळ्याच्या काठावर बसून आम्ही सगळ्यांनी गणित मांडलं. तुम्हीही मांडा. उडालं काय? फक्त पाणी. मीठ गेलं का? नाही. ते साडेतीन किलो टाकीतच होतं. मग काकांनी चार वेळा ३५०-३५० ग्रॅम घातलं, म्हणजे आणखी १ किलो ४०० ग्रॅम. एकूण झालं ४ किलो ९०० ग्रॅम. पाणी मात्र तेवढंच, १०० लिटर. एका लिटरला किती? ४९ ग्रॅम! जिथे ३५ हवेत तिथे ४९. आणि कोणाला पत्ताच नाही, कारण मीठ विरघळलं की दिसत नाही. टाकी पूर्वीसारखीच काठोकाठ आणि नितळ दिसत होती.

मीठ वाढल्याने माशाला एवढं काय होतं? समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी समुद्रापेक्षा बरंच कमी खारट असतं, साधारण एक तृतीयांश. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं ना? तसं खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढत असतं. याला परासरण म्हणतात. म्हणजे पाण्यात राहूनही बिचाऱ्याला तहान लागलेलीच! म्हणून समुद्रातला मासा सारखं पाणी पितो आणि त्यातलं जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. नदीतल्या माशाचं नेमकं उलट. त्याच्या अंगात बाहेरचं पाणी शिरत राहतं, म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही, उलट भरपूर पातळ लघवी करतो. दोघांचीही शरीरं आपापल्या पाण्यासाठी घडलेली. त्यातला खारटपणा वाढला किंवा घटला की मासा सगळी शक्ती हे पाणी-मीठ सांभाळण्यातच घालवतो. खाणं, पोहणं, रोगाशी लढणं यांसाठी मग ताकद उरत नाही. आणि बदल एकदम झाला तर तो फारच घातक.

सहलीहून परतल्यावर त्या मुलाने घरी ते गणित काकांसमोर ठेवलं. त्यांनी हायड्रोमीटर आणला. तो काचेचा किंवा प्लॅस्टिकचा, पाण्यावर तरंगणारा असतो. पाणी जितकं खारट तितका तो जास्त वर तरंगतो, आणि त्यावरचा आकडा विशिष्ट गुरुत्व सांगतो. साध्या पाण्याचं १, समुद्राचं साधारण १.०२५. काकांच्या टाकीत तो १.०३६ दाखवत होता. मग त्यांनी काय केलं? एकदम गोडं पाणी ओतलं का? मुळीच नाही! रोज थोडं खारं पाणी काढायचं आणि तेवढंच शुद्ध गोडं पाणी अगदी हळूहळू सोडायचं. असं आठवडाभर चाललं, तेव्हा आकडा जागेवर आला. उरलेला मासा चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा खायला लागला.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी टाकी आहे, किंवा जे बाबांच्या मागे लागले आहेत, त्यांनी दोन गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. पाणी उडून कमी झालं, तर तिथे फक्त गोडं पाणी घालायचं. आणि टाकी स्वच्छ करताना आपण हाताने खारं पाणी काढलं, तर तिथे तेवढंच, त्याच खारटपणाचं पाणी घालायचं. कारण हाताने काढलेल्या पाण्याबरोबर मीठही जातं, उडालेल्या पाण्याबरोबर जात नाही. टाकीच्या काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावावी आणि रोज, निदान एक दिवसाआड, त्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरावं. आठ-दहा दिवस थांबून एकदम दहा लिटर ओतण्यापेक्षा रोजचं लिटरभर बरं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पाणी आणखी झपाट्याने कमी होईल, हेही ध्यानात ठेवा.

हे गोडं पाणीही कोणतं? बोअरचं जड पाणी नको. कूलरच्या जाळीवरची खपली आठवा! त्यातले क्षार टाकीत साठत जातील. म्हणून आर.ओ.चं किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरतात. टाकीच्या काठावर, झाकणावर कधी कधी मिठाचा पांढरा थर जमतो, म्हणजे तेवढं मीठ पाण्यातून बाहेर पडलेलं असतं. म्हणून अंदाजावर विसंबू नये, आठवड्यातून एकदा हायड्रोमीटरने मोजावं आणि आकडा वहीत लिहावा. आणि हो, मासे आणताना टाकीतच जन्मलेले आहेत का ते विचारा. क्लाउन माशांची पैदास टाकीत होते. समुद्री घोडे आणि प्रवाळ मात्र कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या वाटेला जायचं नाही.

टाकी आपल्या हातात असते, पण तळ्याची चिकटपट्टी कोण लावणार? जगात अशी तळी बिघडल्याची उदाहरणं आहेत. मध्य आशियातला अरल समुद्र हे खरं तर नावाचा समुद्र, बाहेर वाट नसलेलं एक प्रचंड सरोवर. १९६० नंतर त्याला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं. गोड्या पाण्याची आवक तुटली, वाफ होणं थांबलं नाही. लिटरला १० ग्रॅमच्या आसपास असलेले क्षार दक्षिणेकडच्या भागात १०० च्याही वर गेले, मासे संपले, मच्छीमारांच्या बोटी कोरड्या वाळूत उभ्या राहिल्या. उत्तरेच्या छोट्या भागापुढे २००५ साली बांध घालून पाणी अडवलं, तेव्हा तिथला खारटपणा उतरला आणि मासे परतले. ओडिशातल्या चिलिका सरोवरात उलटा प्रकार झाला. गाळाने समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, खारं पाणी आत येईना, तळं गोडसर झालं, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. २००० साली समुद्राकडे नवं तोंड उघडलं आणि सरोवर सावरलं. मीठ वाढलं तरी घात आणि घटलं तरी घात!

आणि आपलं लोणार? २०२० च्या जूनमध्ये ते देशभरच्या बातम्यांत होतं. हिरवं तळं गुलाबी झालं होतं! उन्हाळ्यात पाणी घटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातच फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव वाढले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसून आलं. पावसाचं पाणी मिसळलं तसा तो रंग विरला. त्याच वर्षी लोणारला 'रामसर' यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वरनंतर हे दुसरं.

पण अलीकडच्या वर्षांत काळजी उलट दिशेची आहे. पाणी वाढतं आहे. काठावरच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत ते येऊन पोहोचलं. वाटाड्या काकांनी आम्हाला ते लांबूनच दाखवलं. दुष्काळी भागातल्या आपल्याला वाटेल, वा, पाणी वाढलं, आनंदच आहे! पण लोणारच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. गोडं पाणी जास्त आलं की तेवढेच क्षार जास्त पाण्यात विखुरतात, सामू उतरू लागतो. जे सूक्ष्मजीव या तिखट पाण्यासाठीच घडले आहेत, त्यांचं घरच पातळ होतं. इतक्या आम्लारीधर्मी पाण्यात आपले नदीतले मासे जगत नाहीत. म्हणून उद्या इथे मासे सुखाने वाढू लागले, तर पाणी बदलल्याची ती खूण समजायची. शिवाय गावाचं सांडपाणी आणि शेतातली खतं वाहून तळ्यात येऊ नयेत, म्हणून अभ्यासक आणि गावकरी किती वर्षं धडपडत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही हा विषय गेला आहे.

ही काळजी खरी कशी, ते तुम्हाला घरीच पाहता येईल. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. प्रत्येकीत अर्धा लिटर पाणी आणि तीन सपाट चमचे मीठ घालून ढवळा. पातळीला बाहेरून चिकटपट्टी लावा आणि दोन्ही बरण्या उघड्याच खिडकीत ठेवा. पाणी उतरलं की पहिलीत रेघेपर्यंत साधं पाणी घाला, दुसरीत त्याच प्रमाणात मीठ घातलेलं पाणी. मग सरबताच्या नळीचं एक टोक शाडूच्या मातीच्या गोळीने बंद करा. ती पाण्यात उभी तरंगेल एवढीच गोळी लावा. झाला तुमचा हायड्रोमीटर! पहिल्या दिवशी नळी कुठवर बुडते तिथे पेनाने खूण करा. महिनाभर दर रविवारी दोन्ही बरण्यांत ती बुडवून पाहा आणि खुणेच्या वर-खाली किती फरक पडतो, ते वहीत लिहा. धीर असेल तर तिसरी बरणीही ठेवा, रोज थोडं पाणी काढून तिथे साधं पाणी घालायची. तिचं काय होतं?

आणि लोणारला जाल तेव्हा हळदीच्या पट्ट्या न्यायला विसरू नका. एक धारेला लावा, एक तळ्याला. तळ्याला लावलेली किती लाल होते, ते तारीख घालून लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण सहलीला जाईल, तेव्हा तुमची वही त्यांना द्या.